दारूतला रू

१ तारीख, सकाळी ६
आजपासून दारू बंद. काळ्या दगडावरची रेघ.
लेकीचा निरोप: तीस दिवस कोरडे राहा, मग नातीला मांडीवर घ्यायला या. नात दोन महिन्यांची झाली. मी फक्त फोटो पाहिलाय, तोही फोकस नसलेला. बायको बाळंतपणासाठी म्हणून लेकीकडे गेली, ती तिकडचीच झाली.

१ तारीख, संध्याकाळी
मेहुण्याच्या व्यसनमुक्ती मंडळात गेलो. तीस दिवसांनी त्याने शब्द टाकला तरच लेक दार उघडणार. दीडशहाणा सात वर्षं कोरडा आहे. चेहराही तसाच.
अकरा माणसं, टोचणाऱ्या खुर्च्या, पाणचट चहा. मेहुणा म्हणाला, स्वतःपेक्षा मोठ्या शक्तीला शरण जा. विचारलं, कोणाला, तुम्हाला? कोणी हसलं नाही. एवढी वर्षं हे लोक प्यायले तरी काय?
प्रतिज्ञेचा छापील कागद दिला. सही ठोकली.

४ तारीख
डोळे मिटून वीस मिनिटं ध्यान. शेजारचा घोरत होता, त्याचं कौतुक झालं. मी चुळबुळलो तर बोलणी खाल्ली.
शिवाय रोज सकाळी पुस्तकातला एक उतारा. म्हटलं, माझा सकाळचा उतारा वेगळा असायचा. पुन्हा कोणी हसलं नाही.

९ तारीख
हात थरथरतोय. छापखान्याचे मालक म्हणाले, प्रुफावरच्या तुमच्या खुणा वाचता येत नाहीत, काना कुठला आणि वेलांटी कुठली? म्हटलं, पंचवीस वर्षं लोकांच्या चुका काढतोय, माझ्या काढू नका. पिताना हात कसा दगडासारखा असायचा! हे तोंडावर सांगायला हवं होतं. सुचलं घरी आल्यावर.

१२ तारीख
मोठ्या शक्तीशी बोललो. उत्तर नाही. मेहुण्याचीच कोणीतरी असणार.

१७ तारीख, दुपारी
मेहुणा सगळ्यांसमोर म्हणाला, दाजींची दारू सुटेल, पण मस्ती सुटायची नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन ती प्रतिज्ञा फाडायला काढली.
आणि सापडलं! 'मी दारु पिणार नाही.' दारु! रु ऱ्हस्व! मराठीत शब्दाच्या शेवटचा उकार दीर्घ असतो, हे शेंबडं पोरही सांगेल. दारु नावाची वस्तूच जगात नाही. ती न पिण्याची शपथ मी घेतली, सतरा दिवस पाळली, पुढेही मरेपर्यंत पाळणार. निश्चय म्हणजे निश्चय.

१७ तारीख, संध्याकाळी
दारू आणली. दीर्घ. फक्त एक क्वार्टर.

२२ तारीख
हात स्थिर. मालक खूश. मंडळात वेलदोडा चघळून गेलो. मेहुण्याने दोनदा नाक वर केलं. जळतो मेला. आज ध्यान मात्र असं लागलं की खुर्चीवरून पडलो.

३० तारीख, सकाळी ९
प्रतिज्ञेचे तीस दिवस पूर्ण! मेहुणा शब्द टाकायला तयार नाही. म्हणे, दाजी, का ते तुम्हालाच माहीत आहे. खड्ड्यात गेला. मी थेट जाणार. प्रतिज्ञा लाल शाईने तपासून बरोबर घेतलीय, त्याची चूक लेकीला दाखवायची. तिला शुद्धलेखन कळतं. तिला मीच शिकवलं, पाटीवर, कान पिरगाळून.
नवा शर्ट घातला. धीरासाठी दोन घोट.

३० तारीख, दुपारी
लेकीने दार फटीएवढंच उघडलं. मी 'कशी आहेस' म्हणालो आणि ती मागे सरली. दार बंद. आत नात रडत होती. तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला.
प्रतिज्ञा दाराखालून आत सरकवली. बऱ्याच वेळाने तोच कागद बाहेर आला. माझ्या लाल खुणेखाली लेकीचं अक्षर:
'बाबा, दारू पिऊन येऊ नका.'
रू दीर्घ. स्वल्पविराम जागेवर.
पायरीवर बसून तीनदा तपासलं. एकही चूक सापडली नाही.