प्रेअरी सिक्समधली अकरा कॉलेजे आणि माझे वारस

मी, आर्विड नील्स टोलेफ्सरुड, वय वर्षे एक्याऐंशी, निवृत्त भूगोल शिक्षक आणि ‘प्रेअरी सिक्स’ या कॉलेजांच्या क्रीडा संघटनेचा माजी सचिव, राहणार टर्टल फोर्ड, आयोवा, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. मला विचाराल तर सध्या माझा पार गोंधळ उडालेला आहे, पण तो माझा मीच घातलेला असून त्यात कोणाचीही जबरदस्ती नाही.

१९८९ साली केलेले मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करतो. ते दोनच वाक्यांचे होते. घर व शेत ‘माझ्या मुलांना’. बचत व दुधाची कॅन ‘प्रेअरी सिक्सला’. परवा वकील रूस्का यांनी ते वाचले, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “आर्विड, प्रेअरी सिक्स म्हणजे नक्की कोण? आणि मुलं म्हणजे किती जण?” मी त्यांना सोपे काहीतरी विचारा म्हणालो.

कलम एक: दुधाची कॅन. ही माझ्या आजोबांच्या गोठ्यातली. फुटबॉलमध्ये जिंकणारे कॉलेज ती वर्षभर आपल्याकडे ठेवते. तिच्यावर सहा कॉलेजांच्या रंगांचे सहा पट्टे मी स्वतः मारले आणि ‘प्रेअरी सिक्स’ हे नावही मीच सुचवले. दोन वर्षांपूर्वी सहापैकी चार कॉलेजे बाहेर पडली. उरलेल्या दोघांनी आणखी नऊ जमवली. त्यातले एक तर इतके उत्तरेला आहे की त्यांच्या मैदानातून सरोवरावरची जहाजे दिसतात, प्रेअरीचा माळ नावालाही नाही. म्हणजे आता सिक्समध्ये अकरा आहेत. बाहेर पडलेल्या चौघांनी दोन नवे सोबती घेतले, ते बरोबर सहा झाले, आणि त्यांना मात्र सिक्स म्हणवून घेता येत नाही, कारण नाव मागे राहिलेल्या दोघांकडे आहे. रूस्का म्हणतात, कायद्याने कॅन नाव ज्याच्याकडे त्याची. मी ती आधी अकरांना लिहून दिली होती. ते वाक्य खोडले. मग चौघांना लिहून दिली. तेही खोडले, कारण सोडून गेले ते गेले.

माझे मत सगळ्या गावाला पाठ आहे. नावाने आत काय आहे ते सांगावे. साखरेच्या डब्यात मीठ भरले तर चिठ्ठी बदलावी. वर्तमानपत्रात मी हे इतक्यांदा लिहिले की संपादकाने माझी पत्रे वाचायचे सोडून दिले. टीव्हीवरच्या बिग टेनमध्ये अठरा कॉलेजे आहेत आणि त्यावरून कोणाची झोप उडत नाही, असे लोक मला सुनावत. मी म्हणे, ती बडी मंडळी, त्यांना मोजता येत नसेल.

आता संघटनेने माझे ऐकले आहे. येत्या शनिवारी नाव बदलण्यावर मतदान आहे. शिकागोच्या कुठल्याशा कंपनीने नवे नाव शोधून दिले आहे: ‘समिट पाथवे अलायन्स’. मी ते नाश्त्याच्या वेळी, माझ्या घरी राहून शेत पाहणाऱ्या डेलला वाचून दाखवले.

“हे बँकेचं वाटतं,” डेल म्हणाला.

“आकडा तरी चुकत नाही त्यात.”

“आकडाच नाही, तर चुकेल कसा? आणि समिट कुठलं, आर्विड? आपल्याकडे धान्याच्या कोठाराहून उंच काय आहे?”

दोन वर्षे भांडून मिळवलेले हातात पडले आणि मला ते नकोसे झाले. असे का झाले, मला सांगता येत नाही.

कलम दोन: मैदानावर चुन्याच्या रेषा मारायचे यंत्र गावच्या शाळेला द्यावे. चाक डावीकडे ओढते, तेवढे सांभाळावे. सुतारकामाची हत्यारे इथे कोणालाच लिहून देत नाही, कारण ती शेजारच्या आर्डिसबाई तशीही नेतात आणि परत आणून देत नाहीत.

कलम तीन: माझी पूर्वीची पत्नी लोर्ना. मला सोडून तिने ओमाहात पुन्हा लग्न केले, पण टोलेफ्सरुड हे आडनाव सोडले नाही. मी एकदा तिला जाब विचारला होता. ती म्हणाली, “अहो, दातांच्या डॉक्टरपासून सगळे मला याच नावाने ओळखतात. तुमच्यापेक्षा मीच ते जास्त नीट वापरलंय.” हा राग मी बरीच वर्षे जपून ठेवला होता. तो आता कोणालाही न देता इथेच मोडीत काढतो.

कलम चार: घर व शेत. इथे माझा हात थांबला. कॅरिन माझी मुलगी. ती लुंडे कॉलेजची क्रीडा संचालक आहे. ते बाहेर पडलेल्या चार कॉलेजांतले एक, आणि चौघांना सिक्समधून बाहेर नेण्यात तीच पुढे होती. तेव्हापासून आम्ही फोनवर फक्त हवामानाबद्दल बोलतो. डेल कुबिचेक हा लोर्नाचा पहिल्या लग्नाचा मुलगा. पाच वर्षांचा असताना आईचे बोट धरून या घरात आला. त्याला दत्तक घ्यायचे होते, पण त्याचा बाप सही देईना, आणि बाप वारला तोवर डेलला मिशा फुटल्या होत्या, मग ते राहूनच गेले. लोर्ना घर सोडून गेली तेव्हा तो पेरणीपुरता थांबतो म्हणाला, तो अजून इथेच आहे. शेत तोच करतो. माझ्या गोळ्या तोच काढून देतो.

रूस्का म्हणाले, “कायद्याच्या भाषेत तुमची मुलं म्हणजे एकटी कॅरिन.”

माझ्याच नियमाने ते बरोबर होते. आत असेल तेच नावात असावे. तसे धरले तर सत्तावन्नाव्या वर्षी डेलच्या डोक्यावरचे छप्पर जाते. मी हादरलो. कॅरिनला फोन लावला आणि हवामान सोडून बोललो.

“डेलचं काय करू?” मी विचारले.

“काय करू म्हणजे? बाबा, तो भाऊ आहे माझा.”

“कागदावर नाही.”

“मग कागद बदला. तुम्ही त्या सहावरून सगळ्या जगाशी भांडलात, माझ्याशीसुद्धा. घरात जेवायला किती जण बसतात ते कधी मोजलंत का?”

मी फोन ठेवला नाही. तिनेही नाही. मग तिने ऑपरेशन किती वाजता आहे ते विचारले, आणि येते म्हणाली.

म्हणून लिहितो: घर, शेत व बचत माझ्या दोन मुलांना सारखी द्यावी, कॅरिन टोलेफ्सरुड आणि डेल कुबिचेक. नावे लिहिली आहेत, म्हणजे मुले या शब्दाचा अर्थ काढत कोणी बसणार नाही. आणि शनिवारच्या सभेत माझे म्हणणे वाचून दाखवावे: नाव आहे तेच ठेवा. त्या नावाचा शर्ट घालून जो थंडीत खेळतो, तो सिक्समधला. आता यावरून सोडून गेलेले चौघे परके झाले का, असे कोणी विचारेल. मग कॅरिनही परकी ठरते, आणि ते मला मान्य नाही. हे जुळत नाही, मला माहीत आहे. कॅन दोन्ही मुलांनी मिळून सांभाळावी आणि पट्टे किती मारायचे ते त्यांनीच ठरवावे. मी हात टेकले.

वरील मजकूर मी वाचून, समजून, जिथे समजला नाही तिथे तसे लिहून, सही केली आहे.

आर्विड नील्स टोलेफ्सरुड
टर्टल फोर्ड, आयोवा. गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४.

साक्षीदार:
१. आर्डिस फ्येलस्टाड, शेजारी
२. डेल कुबिचेक (खोडले)
३. मार्विन डेट्वायलर, टपालवाला

खाडाखोडीचा खुलासा: दुसरा साक्षीदार यायला उशीर झाला, म्हणून मी चष्मा शोधत असताना डेलने न वाचताच सही करून टाकली. ज्याला काही मिळायचे नाही तोच साक्षीदार चालतो, असे आर्डिसबाईंनी सांगितल्यावर तो म्हणाला, “मग मीच आहे की.” ती सही मी माझ्या हाताने खोडली आहे. त्याने कारण विचारले, तेव्हा त्याला कलम चार वाचायला दिले. ते वाचून त्याने माझ्या गोळ्या काढून पुढ्यात ठेवल्या आणि मार्विनला आणायला गाडी काढली.