पाव्हणीचं लुगडं

आबा,

काल टीव्हीवर समुद्र दाखवत होते. प्रवाशांचं विमान पडलंय कुठंतरी पाण्यात, आणि बोटी गोल गोल फिरून त्याचे तुकडे शोधतायत. एक पत्रा तरंगताना दाखवला, मग एक चप्पल. किनाऱ्यावर माणसं उभी होती, सगळी नुसती पाण्याकडं बघत होती. माझा नातू म्हणाला, आजी, एवढ्या समुद्रात काय सापडणार? मी म्हटलं, सापडतं. तो हसला. त्याच्या लेखी आजीनं समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिलाय, आणि ते खरंही आहे. तुमचा नातू, माझा मुलगा, इथं दीपनगरला वीजघरात नोकरीला आहे, त्याच्या क्वार्टरमध्ये मी आता राहते. खाऊनपिऊन सुखी आहे, गुडघे सोडले तर कशाची तक्रार नाही. पण टीव्ही बंद केला तरी ती माणसं डोळ्यांपुढून हलेनात. त्यांच्यात एक म्हातारा होता, हात मागं बांधून उभा. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, आणि वाचता तर तुम्हाला तेव्हाही येत नव्हतं, तेव्हा थोडा उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही.

तुम्हाला आठवत असेल, लढाई संपली होती पण कापडाचं कंट्रोल संपलं नव्हतं. मी पहिलटकरीण, जळगावहून माहेरी आले होते. आई नव्हतीच, तुमची बहीण, जिला सारं गाव अक्का म्हणायचं, तीच माझं सगळं करत होती. येताना माझ्या पत्र्याच्या पेटीत एक हिरवं लुगडं होतं, कोरं, घडीसुद्धा न मोडलेलं. ह्यांनी कंट्रोलच्या दुकानापुढं रांगेत उभं राहून मिळवलेलं. डोहाळजेवणाला नेसायचं म्हणून जपलं होतं. दुपारी तुम्ही शेतात आणि अक्का शेजारी गेली, की मी पेटी उघडून त्यावर हात फिरवायची. त्या वर्षी गावात दुसऱ्या कुणाकडं धडका पदर नव्हता, बायका ठिगळावर ठिगळ लावून वावरत होत्या, आणि माझ्या पेटीत ते होतं. मला त्याचा फार ताठा होता.

भादव्यात तापी दोन्ही थड्या भरून चालली होती. सकाळच्या वेळी ढगांत घरघर ऐकू आली, ती एकदम वेडीवाकडी झाली, आणि मग नदीकडं असा आवाज झाला की गोठ्यातली म्हैस दावं तोडून अंगणात आली. मुंबईहून वर कुठंतरी जाणारं माणसांचं विमान होतं, हे नंतर कळलं. दोन दिवसांनी धुळ्याहून साहेब आले, फौजदार आले, तंबू पडला, पेटीतून काढल्यासारखी चकचकीत एक लाँच आली आणि पहिल्याच फेरीला गाळात रुतून बसली. गाव त्यावर पोट धरून हसलं. मग तुम्ही घरोघरचे गळ गोळा केलेत. विहिरीत बादली पडली की काढायचे ते लोखंडी गळ, एका सोलाला, म्हणजे जाड दोराला, ओळीनं बांधले आणि दोन नावांमधून नदी चाळत निघालात. तुमचे गळही काही फार शहाणे निघाले नाहीत. बाभळीची खोडं आली, कुणाची तरी गेल्या साली वाहून गेलेली घागर आली. मग एकदा पंखाचा पत्रा आला, एकदा गादीची खुर्ची आली, तिच्या पट्ट्याचा बंद तसाच लावलेला होता. विमान का पडलं ते साहेबाला शोधायचं होतं, म्हणून त्याला इंजिन हवं होतं. तुम्ही रोज संध्याकाळी ओले येऊन एवढंच म्हणायचात, "माणसं कोठे गयात?" साहेबाला काही जणांची प्रेतं खाली लांब सापडली म्हणे, आणि तंबू उठून तिकडं गेला.

तंबू उठल्यावर तुम्हाला ती सापडली. वळणावरच्या बाभळीत अडकली होती. पोलीस पाटलानं कोतवालाला साहेबाकडं पिटाळलं, तो नाल्याला पाणी म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आला. पाण्यात इतके दिवस राहिलेलं शरीर, ठेवता येण्यासारखं नव्हतंच. तुम्ही चौकात उभे राहून म्हणालात, "आपला शिवमा उनी, ती आपली पाव्हनी शे. तिले आग देवाई जावो तवलगून गावमा चूल पेटाडानी नही." गावात मढं असताना चूल पेटत नाही, हे काही तुम्ही नवीन सांगत नव्हतात, पण ते आपल्या माणसाच्या मढ्याला, शिवेत वाहून आलेल्या पाहुणीला नव्हे. अनोळखी बाईसाठी सगळं गाव उपाशी राहिलं, पोरं मुरमुऱ्यांवर राहिली, आणि कुणी कुरकुर केली नाही. मला आजही ह्या एका गोष्टीसाठी गाव आवडतं.

मी पोटुशी म्हणून मला मढं बघायची बंदी होती. मी आतल्या खोलीत, आणि बाहेरचं सगळं कानानंच ऐकत होते. बायकांनी तिला धुतलं. अक्का म्हणाली, "हातमा काचना बांगड्या शेतस. सवाष्ण शे." कपाळ पाण्यानं पुसून गेलं होतं, अंगावर नीटसं वस्त्र उरलं नव्हतं, तेव्हा बांगड्यांवरूनच काय ते ठरलं. गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचा ताईत होता. त्यावरून कुणाच्या मनात दुसरं काही आलं नाही, येणार कसं? आपल्या गावात निम्म्या पोरांच्या गळ्यात पीरबाबाचा ताईत, माझ्याही गळ्यात होता, अक्कानंच बाळासाठी बांधलेला. पाव्हणीचा तो ताईत अक्कानं काढून भिंतीतल्या दिवळीत ठेवला आणि दाराशी येऊन मला विचारलं, "कोरं लुगडं शे का व पोरी? सवाष्ण बाईले जुनं नेसाडतस नही."

मी म्हटलं, आहे. पेटी उघडली. हिरव्यावर हात ठेवला, आणि उचललं ते त्याच्या खालचं जांभळं. जुनंच, पण मी धुऊन त्याला खळ दिली होती, हाताला कडक लागत होतं. जळायचंच तर आहे, असं मनात आलं. अगदी ह्याच शब्दांत आलं, आबा, मी काही सोवळेपणा करत नाही. दार जरासं उघडून ते बाहेर दिलं. अक्कानं पदराचं टोक बोटांत धरून चोळलं, एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि घेऊन गेली. बाहेर ती तुम्हाला म्हणाली, "पोरीनं दिधं." तुम्ही म्हणालात, "कोरं?" ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.

आग तुम्ही दिलीत. डोक्याचे केस उतरवलेत, ज्या मिशीला तुम्ही कुणाला हात लावू देत नव्हतात ती उतरवलीत, दहा दिवस सुतक धरलंत. दहाव्याला भटजींनी नाव विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, तापी सांगा. घरात आलात तेव्हा बोडक्या तोंडानं तुम्ही मला परके वाटलात, आणि मला हसू आलं होतं. गाव तुम्हाला मानायला लागलं. मलाही कुणीतरी म्हणालं, बापाची लेक शोभतेस, ह्या दिवसांत कोरं लुगडं कोण देतो. मी मान खाली घातली, तो विनय समजला गेला.

दसऱ्यानंतर तो म्हातारा आला. नरडाण्याला गाडीतून उतरून, बैलगाडीनं, नदीकाठची गावं एकेक विचारत. अंगात लांब काळा कोट, दाढी मेंदीची, बोलणं हिंदुस्तानी. मुलगी त्या विमानात होती, सासरी निघालेली. खालच्या गावात सापडलेल्यांत ती नव्हती. तुम्ही त्याला ओट्यावर बसवलंत, अक्कानं दिवळीतला ताईत आणून त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो मुठीत धरला आणि विचारलं, कबर कुठं आहे?

मला तुमचा तेव्हाचा चेहरा सांगता येत नाही. दुसरा कुणी असता तर काहीबाही बोलला असता, नदीनं नेली म्हणाला असता. तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात, "बाबा, माले मालूम नही व्हतं. मी आग दिधी तिले." त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. "आग? मेरी बच्ची को?" एवढंच, हळू आवाजात. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तुम्ही डोक्याचं पागोटं काढून त्याच्या पायांशी ठेवलंत, आणि तुमचं ते डोकं उघडं पडलं, खुंट नुकते वर येत असलेलं. तो बघत राहिला. पोलीस पाटलानं त्याला समजावून सांगितलं की ह्यांनी तिच्यासाठी बापासारखं सुतक धरलं, गाव उपाशी राहिलं.  म्हाताऱ्यानं वाकून पागोटं उचललं, झटकलं, तुमच्या हातात दिलं. आणि विचारलं, "कपडा?"

तेव्हा तुमचा चेहरा उजळला. सांगण्यासारखं तेवढंच एक होतं ना तुमच्याकडं. तुम्ही दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं, तुमच्या लेकीकडं, हात केलात. "मन्ही आंडेरनी दिधं. कोरं करकरीत." म्हातारा माझ्याकडं वळला. "नया था, बेटी?" मी मान हलवली. "कौनसा रंग था?"

मी म्हटलं, हिरवा.

का म्हटलं? नवं लुगडं म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं एकच रंग यायचा, तो तोंडातून निघून गेला. अक्का माझ्या मागंच उभी होती, तिनं श्वास घेतलेला मला ऐकू आला. म्हाताऱ्यानं डोळे मिटले, "हरा, हरा," असं दोनदा पुटपुटला, आणि तेव्हा कुठं तो रडला. मग उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला, माझ्यासाठी आणि पोटातल्यासाठी काहीतरी मागितलं. मी तो हात झटकला नाही, बाजूला सरकले नाही, तशीच उभी राहिले. तुम्ही त्याला नदीवर घेऊन गेलात. जिथं आग दिली तिथली माती त्यानं रुमालात बांधून नेली, घरी नेऊन पुरणार होता.

त्या संध्याकाळी तुम्ही जेवला नाहीत. मी ताट घेऊन आले तर म्हणालात, "मी कोणले इचारतू, सांग. पन इचाराले जोयजे व्हतं." मग थोड्या वेळानं, "जांभळं व्हतं ते, माले याद शे. पन तू हिरवं सांगं ते बरं करं बेटा. त्या बाबाना जीव थंडा व्हई गया." तुम्हाला वाटलं, मी त्याच्यासाठी खोटं बोलले. त्याच्या लोकांत हिरव्याचं मोल असतं म्हणून, पोरीला सुचलं म्हणून. तुम्ही माझ्याकडं असं बघत होतात, जसं माझ्या लहानपणीही कधी बघितलं नव्हतंत. मी म्हटलं, जेवा आबा, निवतंय.

त्यानंतर तुम्ही कुणाच्या मयताला गेलात तर मागं उभे राहायचात. सरण रचायला बोलावलं तरी पुढं व्हायचा नाहीत. मी दर सुट्टीला यायची, पोरगा तुमच्या मांडीवर खेळायचा, आणि कधीतरी मध्येच, काही संबंध नसताना, तुम्ही म्हणायचात, "कोरं लुगडं दिधं, तेवढं बरं व्हयनं." केलेली सगळी गोष्ट तुम्हाला लाजवत होती, आणि त्या लाजेत उभं राहायला तुम्ही तेवढी एक पायरी धरून ठेवली होती. ती मी काढून घेऊ शकले नाही, असं मी स्वतःला सांगत आले. अक्का गेली तेव्हा मला हायसं वाटलं, तेही सांगून टाकते. ती मला त्यावरून शेवटपर्यंत एका शब्दानं बोलली नव्हती, आणि मी तिच्या तोंडाकडं कधी सरळ बघितलं नव्हतं.

आता सून विचारून गेली, एवढं काय लिहिताय आत्या? मी म्हटलं, वाळवणाची यादी. बघा, अजून जीभ तशीच चालते. हा कागद कुठं पाठवायचा नाही, पाठवण्यासारखी जागाही नाही. किनाऱ्यावरचा तो म्हातारा आज बातम्यांत दिसला नाही, बोटी मात्र अजून फिरतायत.

हिरवं माझ्या पेटीत होतं, आबा. तुमच्यासमोर नेसायचा धीर झाला नाही, डोहाळजेवणाला मी जुनंच नेसले, आणि त्याचंही अक्कानं नाही तरी गावानं कौतुक केलं. बारसं सासरी जळगावला झालं, तेव्हा नेसले. अंगावर फार खुलून दिसत होतं.