मालिकेच्या वेळेलाच ये

४ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

फोन करायचा सोडून अक्का पत्र का लिहीत बसलीये, म्हणून बुचकळ्यात पडली असशील. सांगते. आधी तुझ्या मालिकेबद्दल चार शब्द बोलून घेते, म्हणजे पुढचं लिहायला धीर येईल.

मालिका दिवसेंदिवस बिघडत चाललीये. कुणी साधा पेला खाली ठेवला तरी मागे ढोल बडवतात आणि प्रत्येकाचा चेहरा तीन-तीनदा दाखवतात. तुमचा तो नायक म्हणजे हँगरला लावलेला शर्ट. शीर्षकगीत ऐकलं की कुणाची तरी शिंक अडकलीये असं वाटतं. मी आपली शिवणयंत्रावर बसले की रेडिओवरची जुनी गाणी लावते, निदान शब्द तरी कळतात. त्या सगळ्या गोतावळ्यात काम करतेस ती एकटी तू. सासूच्या दुधात विष कालवताना तू हलकेच गुणगुणलीस ना, माझ्या अंगावर सरसरून काटा आला. आणि तिथेच घोडं पेंड खातंय.

आईचं विसरणं तुला माहीत आहेच. परवापरवापर्यंत शेजारणींना बोलावून दाखवायची, ही बघा माझी धाकटी. ते आता गेलं. भाग संपला की उठते, दाराची कडी तपासते, खिडक्या लावून घेते आणि मला दबक्या आवाजात सांगते की ती बाई आपलं घर हेरून गेलीये. रविवारी तुझा फोन मध्येच तुटला असं मी तुला कळवलं, ते खोटं होतं. मी कौतुकानं फोन तिच्या कानाला लावला होता. तू आई म्हणून हाक मारलीस मात्र, तिनं फोन भिरकावला आणि टेबलाखाली जाऊन बसली. म्हणाली, ती त्या म्हातारीलाही आईच म्हणायची. बाहेर काढलं तेव्हा तिचे हात गार पडले होते.

म्हणून सध्या फोन करू नकोस. मला फार भीती वाटतेय गं. उद्या मलाही ओळखलं नाही तर?

थट्टा केली म्हणून रुसू नकोस, माया आहे तशीच ठेव.

तुझी,
अक्का


१२ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र रंगभूषेच्या खोलीत वाचलं. अर्धा चेहरा रंगवून झाला होता, अर्धा बाकी. रंगभूषाकार दादांना वाटलं काजळ डोळ्यात गेलं. मीही तसंच वाटू दिलं.

गेल्या महिन्यात भाजी घेताना एका बाईनं मला बघून आपल्या पोरीला पाठीशी घातलं. अक्का, मला काय आनंद झाला होता! सेटवर सगळ्यांना सांगत सुटले, याला म्हणतात काम. आता ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते. मालिका भिकार आहे हे मला तू सांगायला नको. संवाद पाठ करताना माझं मलाच हसू येतं. पण इतकी वर्षं मोलकरीण, नर्स, गर्दीतली तिसरी बाई अशी कामं केल्यावर पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासाठी पानं भरून संवाद लिहितंय. त्या पात्रावर माझा जीव आहे, हे तुझ्यापाशी नाही कबूल करायचं तर कुणापाशी?

असं कर, संध्याकाळी टीव्ही लावूच नकोस. तिच्या आवडीची गाणी लाव. डोळ्यांआड झालं की विसरेल. मी सुट्टी मागते आणि येते. समोर बसून तिला दोन घास भरवते. आपल्या पोटच्या पोरीला ओळखणार नाही, असं कधी होईल का?

शिव्या घालायच्या त्या घाल, पण दुरावा नको.

तुझीच,
ठकी


२० फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

तू सांगितलंस तसं केलं आणि पुरती फसले. सात वाजले, टीव्ही बंद. गाणं लावलं तर आईनं ते बंद करायला लावलं, पावलं ऐकू येत नाहीत म्हणाली. काळ्या पडद्याकडे एकटक बघत राहिली आणि मग विचारलं, आज ती तिथे नाही, मग गेली कुठे? तिकडून निघाली असणार. इथेच येतेय. मी समजावून समजावून थकले. शेवटी तिनं चपला घातल्या, मला म्हणाली चल, आपण दोघी पळून जाऊ. दार अडवून उभी राहिले तर मला ढकललं. मुकाट्यानं टीव्ही लावला. तू पडद्यावर दिसलीस तशी ती खुर्चीत टेकली. घाबरलेलीच होती, पण म्हणाली, आहे, तिथेच आहे. डोळ्यांसमोर असली म्हणजे निदान कुठे आहे ते तरी कळतं.

यापुढचं लिहायला हात धजत नाही. तू काम शोधायला घर सोडून निघालीस तेव्हा आईनं, नशीब काढशील म्हणत, स्वतःची कानातली काढून तुझ्या कानात घातली होती ना? तू त्या मालिकेतही तीच घालतेस. मलाही त्याचं कौतुकच वाटायचं. काल आई पडद्याशी जाऊन बोटानं दाखवायला लागली, ही माझ्या ठकीची. हिच्या कानात कशी आली? हिनं माझ्या पोरीचं काय केलं? आणि मग तोंडात पदर कोंबून रडली. म्हणजे बघ, ती तुला विसरलेली नाही. त्या बाईनं तुला मारून तुझी कानातली पळवली, असं तिच्या मनानं घेतलंय. पोलिसांत जाऊ म्हणते. मी कुणाची आणि काय फिर्याद देऊ?

अशी अचानक दारात येऊ नकोस, तिच्या काळजाचा ठोका चुकेल. पण मला एक सुचतंय. तू ये, मालिकेच्या वेळेलाच ये. ती बाई पडद्यावर असताना दारातली बाई ती असूच शकत नाही, एवढं गणित आईला अजून जमतं. मागच्या दारानं ये, तोंड धुऊन ये, आणि कान मोकळे ठेव. जमलं तर जमलं. नाही जमलं तर काय, याचा विचार मी करत नाही.

वाट बघतेय. भांडायलाही तूच हवीस, एवढं लक्षात असू दे.

तुझी,
अक्का


८ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

नीट पोचले. निघताना तू विचारत होतीस की आतल्या खोलीत काय झालं. आई बिलगून बसली होती, तिच्यासमोर सांगता येईना. आता लिहिते.

मी मागच्या दारात आले. पहिल्या प्रयोगालाही मी इतकी घाबरले नव्हते. आईनं टीव्हीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा टीव्हीकडे. तेवढं तू बाहेरून पाहिलंसच. मग तिनं माझा हात धरून मला आत ओढलं आणि कडी लावली. कडी वाजली तेव्हा मला वाटलं, संपलं, आता ती किंचाळणार. पण तिनं माझे दोन्ही कान चाचपले. भोकं मोकळी आहेत हे कळल्यावर माझं डोकं छातीशी धरलं आणि कानात म्हणाली, ठके, जिवंत आहेस! मी आई म्हणायला गेले तर माझ्या तोंडावर हात ठेवला. गप, ती बाहेर आहे.

आणि अक्का, मी बाहेर होतेच की. भिंतीपलीकडून माझाच आवाज येत होता, गोड गोड, त्या म्हातारीला औषध घ्या म्हणत. सेटवर तोच संवाद मी हसत म्हटला होता. तिथे अंधारात, आईच्या कुशीत ऐकला आणि खरं सांगते, तो माझा वाटेचना. आम्ही दोघी एकमेकींना घट्ट धरून बसलो होतो, आणि मीही तिच्याइतकीच भ्यायले होते.

तिकडे तो आवाज चढला. त्या भागातला शेवटचा प्रसंग, मी दार ठोठावते तो. आईला वाटलं आपलंच दार. तिनं मला कपाटामागे सारलं, वर गोधडी टाकली आणि कोपऱ्यातली छत्री उचलली. मी तिचा हात धरला तर तिनं सोडवून घेतला. म्हणाली, तू इथून हलायचं नाहीस, मी बघते तिच्याकडे. टेबलाखाली लपणारी आपली आई, तिनं स्वतःच्या हातानं कडी काढली.

तू तिला छत्री घेऊन टीव्हीसमोर उभी पाहिलीस आणि हसू की रडू असं झालं म्हणालीस. मी ते सगळं नुसतं गोधडीखालून ऐकलं. पडद्यावरच्या माझ्या त्या तोंडावर ती ओरडली की माझ्या पोरीला हात लावून तर बघ. अक्का, जन्मात इतकं भ्यालेलं माणूस मी पाहिलं नाही, आणि इतकं धीट तर नाहीच नाही.

लेखकाला भेटले. या बाईला तुरुंगात टाका म्हटलं, आणि माझ्या आईला ते कुलूप नीट दिसू दे. तो म्हणाला, मग तुमचं काम संपलं. मी म्हटलं, संपू दे.

आईला सांग, ठकी सुखरूप आहे.

तुम्हा दोघींच्या मायेची,
ठकी