नाकाला नळी लावून वामकुक्षी

भावनगरचे, आमच्या बीनाचे सासरे आणि म्हणून पंगतीत कायम आमच्या आधी बसणारे पूज्य नौतमभाई यांस, राजकोटहून रमणीकलालचा वाकून जय श्रीकृष्ण. (वाकताना पोट मधे येतं, तेवढं समजून घ्यावं.) विहीणबाई मुक्ताबेन, जावईबापू आणि आपला नातू ध्रुवील मजेत असतील. आपली तब्येत कशी आहे? हे पत्राची रीत म्हणून लिहीत नाही, खरंच विचारतोय. फोनवरच विचारणार होतो, पण मागच्या रविवारी आपण बोलत असताना मधेच लाइन खरखरायला लागली आणि मी दहा मिनिटं हॅलो हॅलो करत बसलो. (लाइनच असावी.) म्हणून पत्र. आपल्या तब्येतीबद्दलच एक विनंती आहे, पण मुलीच्या बापाने व्याह्यांना सरळ काही सुचवायचं म्हणजे माझ्या तोंडचं पाणी पळतं. तेव्हा आधी माझी फजिती ऐका. ऐकताना आपल्याला स्वतःचं काही आठवलं तर माझा नाइलाज आहे.

आमच्या गल्लीची शिस्त आपण जाणताच. एकला शटर खाली, ते चारला वर. नवरीचा मामा बांधणी घ्यायला थेट मुंबईहून आला तरी त्याने चारपर्यंत ओट्यावर बसावं आणि आपल्या नशिबाला दोष द्यावा. मी बत्तीस वर्षं दुकानातल्या पांढऱ्या गादीवर, जेवण झाल्यावर, डाव्या कुशीवर पडत आलोय. शेजारी कनुभाईंचं बटणांचं दुकान, मधे एक विटेची भिंत. तर यंदा श्रावणात एके दिवशी चारच्या चहाला कनुभाई सात-आठ दुकानदार घेऊन आले. मला वाटलं, गोकुळाष्टमीची वर्गणी. कनुभाई म्हणाले, "रमणीकभाई, वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्ही झोपता की खडी फोडता? माझ्या बरण्यांतली बटणं नाचतात हो!" मी म्हटलं, आमच्या सात पिढ्यांत कोणी घोरलेलं नाही. (कसं कळणार? सगळे झोपलेले असायचे.) त्यांनी मोबाइलवर माझं ध्वनिमुद्रण ऐकवलं. मी शांतपणे ऐकलं आणि म्हटलं, हा ट्रक कोणाचा आहे ते शोधायला पाहिजे. झालं, गल्लीने एकमताने ठरवलं: इलाज होईपर्यंत रमणीकभाईंनी एक ते चार घरी जाऊन पडावं. नौतमभाई, माणसाला जातीबाहेर टाकलं तरी इतकं लागत नाही हो. घरचा पलंग हा रात्रीचा पलंग. त्यावर दुपारी पडलं की आजारी असल्यासारखं वाटतं. मी तीन दिवस नुसता पंख्याकडे बघत पडलो होतो.

मग घरगुती उपाय. मेहुणीने सांगितलं नाकात गाईचं तूप सोडा. सोडलं. घोरणं थांबलं नाही, फक्त सगळ्या जगाला शिऱ्याचा वास यायला लागला. मग कोणीतरी म्हणालं, कुशीवर पडलात तरी झोपेत उताणे होता, म्हणून हे होतं, सदऱ्याच्या पाठीला खिसा शिवून त्यात काहीतरी टोचणारं ठेवा. आपल्या विहीणबाईंनी, म्हणजे आमच्या इंदुमतीने, मोठ्या हौसेने खिसा शिवला आणि त्यात तीन अख्ख्या सुपाऱ्या घातल्या. आता मला सांगा, काठियावाडी माणसाच्या हाताला लागेल अशी सुपारी कधी टिकली आहे? दुसऱ्या दुपारी खिसा रिकामा, उशाशी अडकित्ता, आणि मी उताणा.  इंदुमतीने सरळ डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टर मांकड म्हणजे वयाने आपल्या बीनाएवढी मुलगी, पण जीभ अशी की साठीचा माणूस सरळ बसावा. तिने एक छोटी पेटी दिली, बोटाला चिमटा, नाकाला नळी, छातीला पट्टा, आणि म्हणाली घरी झोपून या. निकाल आला, तासाला एकेचाळीस! मला वाटलं शंभरपैकी, नापास झालो बहुतेक. ती म्हणाली, "काका, तासाभरात एकेचाळीस वेळा तुमचा श्वास अडतोय. घसा आतून मिटतो. झोप मोडते तेव्हा पुन्हा सुरू होतो. तुम्ही रात्रभर झोपत नाही, रात्रभर उठता." मग मला कळलं की दिवसा हिशेब लिहिताना पेन खाली का जातं, आणि रक्तदाबाच्या एका गोळीच्या दोन का झाल्या. तिने फॉर्म भरताना विचारलं, दिवसा झोपता का? मी छाती पुढे काढून म्हटलं, छे! दिवसा झोपायला मी काय आळशी आहे? (आपणच सांगा, वामकुक्षीला कोणी झोप म्हणतं का? आपण तिला आडवं पडणं म्हणतो.) वजन कमी करा म्हणाली, गाठिया बंद करा म्हणाली. मी म्हटलं बेन, राजकोट सोडायलाच सांगा ना, सोपं पडेल. शेवटी रविवारचे गाठिया वाचले. आणि एक यंत्र मिळालं. पाणी पिण्याच्या तांब्यापेक्षा थोडं मोठं, त्याला नळी, नळीला मुखवटा, आणि त्यातून रात्रभर हवेचा झोत, म्हणजे घसा मिटतच नाही. पहिले चार दिवस माझे नाकी नऊ आले, तेही अक्षरशः. पण पाचव्या दिवशी सकाळी उठलो तर डोकं असं हलकं, की मी इंदुमतीला विचारलं, आज काही सण आहे का?

विजयी वीरासारखा मी दुपारी गादीवर परतलो. सव्वादोनला कनुभाई शटर ठोकत उभे. "रमणीकभाई, कसला इलाज केलात? आता तर चौथ्या दुकानापर्यंत येतंय!" मी यंत्रवाल्याला, डॉक्टरला, विज्ञानाला, सगळ्यांना शिव्या घालत दवाखान्यात गेलो. इंदुमती बरोबर होती. डॉक्टरने विचारलं, दुपारी यंत्र लावलं होतं का? मी म्हटलं, दुपारी मी झोपतच नाही, एक ते चार आडवा पडतो. ती मुलगी कपाळाला हात लावून बसली. म्हणाली, "काका, डोळे मिटून आडवं पडणाऱ्या प्रत्येक राजकोटकराने मला हेच सांगितलंय." मग तिने इंदुमतीला विचारलं, काकी, रात्री आवाज गेला, आता तुम्हाला झोप लागते ना?

नौतमभाई, इथे मी जरा थांबलो आणि पाणी पिऊन आलो. आमची इंदुमती गेली चार वर्षं रात्री पलंगावर बसून माळ ओढते, आणि तिच्या भक्तीच्या बढाया मी ज्ञातीच्या प्रत्येक जेवणात मारल्या आहेत, आपल्यासमोरसुद्धा. ती डॉक्टरला म्हणाली, "आवाजाचं काय बेन, आवाज असला की मी निवांत. आवाज थांबला की मी उठून बसते. एकेक मणी सोडते. बाराव्या मण्यापर्यंत श्वास आला नाही, तर यांच्या पायाचा अंगठा ओढते." चार वर्षं! आणि मी समजत होतो मला झोपेत पायात गोळा येतो. मला तिथे डॉक्टरसमोर रडू आलं, लपवत नाही. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, सांगायचं नाहीस का? ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, आमच्या सात पिढ्यांत कोणी घोरत नाही."

आता सगळं ठीक आहे. यंत्र रोज डब्याबरोबर दुकानात येतं. परवा जामनगरचे एक गिऱ्हाईक पावणेचारलाच शटरखालून वाकून बघत होते, मला मुखवट्यात बघून त्यांनी कनुभाईंना विचारलं, शेठ शेवटच्या घटका मोजतायत का? पण आमच्या भिंतीपलीकडे बटणं शांत आहेत, कनुभाईंनी स्वतः पेढे वाटले, आणि इंदुमती रात्री गाढ झोपते. ती थोडी घोरते. मी काही बोलत नाही. मोठ्यांना नमस्कार, ध्रुवीलला गोड पापा.

आपला नम्र,
रमणीकलाल

ता.क. गुरुवारी सकाळी अकराला डॉ. मांकडकडे आपल्या नावाने वेळ घेतली आहे. ध्रुवीलने बीनाला सांगितलं की शाळेतून आणताना रेल्वेचं फाटक उघडलं, मागचे रिक्षावाले ओरडले, तरी दादा, म्हणजे त्याचे आजोबा, म्हणजे आपण, स्टिअरिंगवर झोपलेलेच, शेवटी त्याने आपला कान ओढला. बीना फोनवर रडत होती. सून सासऱ्यांना कशी बोलणार? म्हणून मी बोलतो. गाडीची किल्ली तोवर जावईबापूंकडे द्यावी, ही हात जोडून विनंती.

ता.क. दुसरा. मुलीच्या बापाने मर्यादा सोडली म्हणून आपण रागवाल. जरूर रागवा. दिवाळीला येऊ नका, वर्षभर बोलू नका, पुढच्या लग्नात माझ्या हातचं पान परत करा. पण त्यासाठी आपण असायला हवं ना.

ता.क. तिसरा, हा मुक्ताबेनसाठी. बेन, तुमचा पोस्टमन दुपारी दोनला येतो, तेव्हा हे पत्र तुम्हीच फोडणार हे मला माहीत आहे. तुम्ही इंदूला तुमच्या रात्रीच्या माळेबद्दल जे सांगितलंत ते मी वर कुठेही लिहिलेलं नाही. आता आत जा आणि त्यांना हाक मारा. पहिल्या हाकेला उठले नाहीत, तर गुरुवारची वाट बघू नका. आजच निघा.