आईचं बॅनक

प्रिन्स अल्बर्ट,
३ ऑक्टोबर

प्रिय नोरीन,

आशीर्वाद. तुझा गुडघा बरा असावा. इथे मंगळवारीच बर्फ पडलं, गाडीचे टायर बदलून घेतले. आईच्या वर्षाच्या जेवणासाठी सतरा तारखेला सभागृह मिळालं. मूस हरणाचं मांस धाकटे मामा आणतील. बॅनक तूच करशील, असं सगळे धरून चालले आहेत.

काल मी करून पाहिलं. आई करायची तसं पिठाच्या पोत्यातच खळगा केला, पाणी आणि चरबी घातली, मळलं, जाड रोटीसारखं थापून तव्यावर भाजलं. दगड झाला. व्हर्जी मावशी म्हणाली, "कॉलेजात हात हलका ठेवायला शिकवत नव्हते का गं?"

तीस वर्षं मी आहारशास्त्र शिकवलं. 'आपल्या आदिवासींची शिकार बंद पाडून गोऱ्या सरकारने हातात पीठ आणि चरबी ठेवली, त्यातून हा मधुमेह,' असं बायकांच्या वर्गात फळ्यावर लिहायचे. ते खोटं नव्हतं. एकदा वर्गात मागे बसलेली आई म्हणाली, "खरंय, बाईसाहेब. पण तू त्याच पिठावर एवढी वाढलीस." बायका हसल्या. मी तिला बाहेर जायला सांगितलं. ती गेली.

पण पत्र त्यासाठी नाही.

आई दवाखान्यात होती तेव्हा तू बसने बॅनक पाठवलंस, फुलांच्या फडक्यात बांधून. आईने दोन तुकडे खाल्ले, असं मी फोनवर सांगितलं. तेव्हापासून तू सगळ्यांना सांगतेस, "तिचा शेवटचा घास माझ्या हातचा."

तिने खाल्लं नाही, नोरीन. वासानेच हात पुढे केला. "नोरीनचं ना?" म्हणाली. मी म्हटलं, "साखर वाढलीय, उद्या बघू." डॉक्टरांनी मनाई केली नव्हती, मी केली. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. बॅनक मी कचऱ्यात टाकलं.

सतरा तारखेला, आईपर्यंत पोचावा म्हणून तिचा घास आगीत घालताना तू पुन्हा तेच सांगशील. माझं खोटं तुझ्या तोंडून तिच्यापर्यंत जाईल. ते मला नको आहे.

बॅनक तू कर. आगीत मी घालीन, आणि त्याला वर्षभर उशीर का झाला ते सगळ्यांसमोर सांगेन. तू मला बाहेर काढलंस तर बाहेरून सांगेन.

फडकं धुऊन सोबत पाठवते आहे. त्यातच बांधून आण.

आईला 'उद्या बघू' म्हणणारी तुझी बहीण,
विल्मा