दोर बांधायचा नाही

३ फेब्रु., नागापूर
मालवणला होडी ठरवली. शिडाची, लहान. इंजिनवाली नको म्हटलं, त्या फटफटीत मंदाचं बोलणं ऐकू यायचं नाही. ताडपत्रीच्या कारखान्यात सांगितलं तर शकूर शिलाई मशिनवरून मान वर न करता, "शेठ, पोहता येतं का?" नाही येत. ताडपत्री शिवायला तरी कुठं येत होती! कापड आन् दोर, दोन्ही ओळखीचे. बघू.

५ फेब्रु.
मंदाला सांगितलं. मेथी निवडत होती.
"कोन हाकनार?"
मी.
"मग मी काठावर बसते. आमच्या पाथर्डीत टँकरनं पानी यायचं. एवढं बघायची सवय न्हाई."
ऊसतोडीच्या टोळ्यांना पालं शिवून दिली, तेव्हा हीच घरात बसून ताडपत्रीला रिंगा ठोकायची. लग्न झाल्यापासून दोघंच असे कधी कुठं गेलोच नाही. ह्या खेपेला दोघंच. होडीत तिसरा माणूस नको.

९ फेब्रु., मालवण
होडीवाला बाबी. पन्नाशीचा, हसत नाही. म्हणाला, "पयलो दिवस मी वांगडा बसतलंय. मगे बघूया." वांगडा म्हणजे सोबत. मंदाची अट वेगळीच. "आधी तुमी एकटं जाऊन या. परत आलात तर बघू."
ठीक. जाणार.

१० फेब्रु.
सकाळी बरं चाललं. दुपारी वारा वाढला, शीड फडफडायला लागलं. हाताला जुनी सवय: ट्रकवर ताडपत्री फडफडली की आवळायची, नाहीतर फाटते. शिडाचा दोर तसाच आवळला. वर ट्रकची गाठ. होडी आडवी, पाणी मांडीपर्यंत. बाबीनं सुरीनं दोर कापला म्हणून...
"शेठ, ह्यो ट्रक न्हय! बांधल्यात तर होडी आडवी होतली. हातात धरा. सोडूक शिका."
मंदा काठावरून सगळं बघत होती. सोलकढी पिऊन झाल्यावर, "गाठ लई पक्की मारली म्हनं."

११ फेब्रु.
आज बाबी पुढं बसला, हाताची घडी घालून. मी कान लावले. कापड बोलतं ते मला कळतं. कोरी ताडपत्री वेगळी वाजते, जुनी वेगळी. कडेला फुरफुर आली की दोर जरा ओढायचा, झोत आला की सोडायचा. ओढणं येतंच. सोडायला जड जातं.
संध्याकाळी बाबी काठावर उतरला. "जावा."
खडकापर्यंत गेलो, वळलो. येताना हात आपोआप गाठ मारायला गेला. आवरला.
मंदा वाळूत उभी. "आलात व्हय?" एवढंच. मग चपला हातात घेऊन पुढं चालायला लागली. येणार का, ते नाही बोलली.

१२ फेब्रु., सकाळ
वारा कालच्यापेक्षा जास्त. बाबी आभाळाकडं बघतो, नको म्हणत नाही.
मंदा न्याहारीला नव्हती. धक्क्याच्या पायरीवर सापडली. साडीवर केशरी लाइफ जाकीट, पदर खोचलेला. शिडाचा दोर मागून घेतला. "ह्यो माज्याकडं. तुमी बांधून टाकाल." टोक मनगटाला गुंडाळायला लागली.
म्हटलं, गुंडाळायचं नाही.
"मग?"
नुसतं धरायचं.
बाबी शीड चढवतोय, तोवर हे लिहितोय. ती अजून पायरीवरच. दोर हातात, मोकळा. पाण्याकडं बघत नाही, माझ्याकडं बघतेय.