अर्धं लुगडं

रविवार, दुपार

आप्पा, तुम्ही गेल्यापासून तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल माफ करा. रोजनिशीत भाजीच्या भावापासून सगळं लिहिते, पण तुमच्यापाशी आले की पान उलटते. आज लिहायला बसले, तेही स्वतःच्याच अडचणीने.

तुमचा हातमाग विकला. वडगावच्या घरात तो चालवणारं कुणी उरलं नव्हतं. आक्काने तिच्या वाट्याचे पैसे सासरी खानापूरला न नेता माझ्याच हातात ठेवले. म्हणाली, "पोरीच्या नर्सिंगच्या फीला लागतील. तवर तूच बघ गं. तू शिकल्याली हाईस, मला त्यातलं काय कळतंय?" मी निपाणीच्या कॉलेजात कॉमर्स शिकवते, शनिवारी बायकांना शेअर बाजाराची तोंडओळख करून देते. लवकर लागणारा पैसा बाजारात घालू नका, सगळा एकाच कंपनीत तर मुळीच नको, आणि भाव कुठवर उतरला की विकून बाहेर पडायचं ते घेतानाच ठरवा, असं फळ्यावर लिहिते. आक्काचे पैसे मात्र मी एकाच सूतगिरणीच्या शेअरमध्ये घातले. का, तर आपल्याकडे येणाऱ्या सुताच्या गाठोड्यांवर तिचं नाव असायचं आणि तुम्ही म्हणायचात, "ह्येचं सूत तुटत न्हाय." सूत चांगलं होतंच. गिरणीवर कर्ज किती आहे, ते मी पाहिलंच नाही.

भाव उतरू लागला तेव्हा विकायला हवं होतं. मी थांबले. मागावर चढलेलं लुगडं आपल्यात पुरं केल्याशिवाय उतरवत नसत; अर्धं कापणं अशुभ. त्याच हट्टाने मी शेअर धरून बसले आणि त्या हट्टाला धीर म्हणत राहिले. घेतल्या भावाला आला की विकू, असं रोज स्वतःला सांगायचे, जणू मी कितीला घेतला हे बाजाराला ठाऊक आहे. आज आक्काचा फोन आला. "फी भरायची वेळ आली गं, कवा देतीस?" बघते म्हणाले आणि फोन ठेवला. मग तो दिवस आठवला.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. सकाळपासून तुम्ही मागाच्या खड्ड्यात बसला आहात आणि ताण्याचे उभे धागे पुन्हा पुन्हा तुटताहेत. धाग्यांना लावलेल्या खळीत काहीतरी बिघडलंय. तुम्ही सांधता, शेजारचा तुटतो. शेवटी तुम्ही कात्री मागता. आई चुलीपासून उठून येते. "अवो, अर्धं लुगडं कापतंय व्हय कुणी?"

"मग काय कुजका ताणा इणत बसू? आडवं रेशीम तरी वाचंल."

शेजारचे काका दारातून हसतात, "काय आप्पा, अर्ध्या बाईला नेसवायला काढलंय व्हय?" त्यांच्याबरोबर मीही हसते. तुम्ही एकदा माझ्याकडे बघता, आणि कापता.

त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. तुमचीही खात्री नसावी, असं आता वाटतं. आईने त्या तुकड्याची उशीची खोळ शिवली. हॉस्टेलवर जाताना तिने ती माझ्या पिशवीत घातली, मी काढून ठेवली. मैत्रिणींनी विचारलं असतं तर काय सांगणार होते?

तुम्ही असताना त्या हसण्याबद्दल बोलता आलं असतं. वेळ खूप होता. आता आक्काला कमी पडेल ते मी घालीनच, पण म्हणून तिला खरं सांगणं टळत नाही. हे पत्र कुठे धाडायचं? रोजनिशीतच राहील. आणि एक कबूल करते, आप्पा. तो शेअर विकला की तुमचं शेवटचं काहीतरी हातातून जाईल, असं वाटत होतं. तुम्हाला जपलं, पण आक्काच्या पैशांवर.

उद्या: बाजार उघडला की आक्काचे शेअर विकणे, मिळेल त्या भावाला.